पालिकेच्या दप्तरातली वंशावळ

घराण्याचा इतिहास लिहून ठेवण्याची मराठी परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. परंतु ती कोणाच्या घराण्याचा इतिहास लिहिते, हा प्रश्न तिला फारसा विचारला गेलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून प्रसिद्ध होत आलेले कुलवृत्तांत, नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरलेली यजमानांची नावे, वतनांच्या आणि इनामांच्या निमित्ताने जपलेल्या सनदा व महजर ही सारी साधने ज्यांच्याजवळ जमीन, वृत्ती किंवा निदान तीर्थयात्रेपुरता पैसा होता अशा घरांची आहेत. रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातून गिरणीत कामाला आलेला, लालबागच्या एका खोलीत गाववाल्यांच्या सोबतीने राहिलेला आणि खाणावळीत जेवून पाळीला गेलेला माणूस त्या साधनांत आढळत नाही. त्याची बायको तर नाहीच, कारण कुलवृत्तांत असलेल्या घरांतही स्त्रीची नोंद बहुधा कोणाची तरी कन्या आणि कोणाची तरी पत्नी एवढ्यावर संपते. मात्र अशा माणसाला मुंबईत मूल झाले, त्या मुलाचे नाव शाळेत घातले गेले, खोलीचे भाडे त्याच्या नावावर झाले आणि अखेरीस तो मरण पावला, तेव्हा त्या त्या वेळी कोणत्या तरी कारकुनाने कोणत्या तरी नोंदवहीत एक ओळ लिहिली. ज्यांना कुलवृत्तांत नाही त्यांचा कुलवृत्तांत याच ओळींत आहे, हे प्रस्तुत लेखनाचे प्रतिपादन आहे. आणि त्या ओळी कुळाची आठवण राहावी म्हणून लिहिलेल्या नसून कर, रोग आणि भाडे यांचा हिशेब लागावा म्हणून लिहिलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवूनच त्या वाचाव्या लागतात, हे त्या प्रतिपादनाचे दुसरे अंग आहे.

गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर या भागांपुरते पाहिले तर ‘स्थानिक शासनाची दप्तरे’ या शब्दांत एकाहून अधिक सत्तांचे कागद येतात. त्यांत पहिले स्थान अर्थातच महापालिकेचे. १८६५ मध्ये मुंबईला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला, १८७२ मध्ये महापालिकेची घडी बसली आणि १८८८ च्या अधिनियमाने तिला जे रूप दिले त्याच अधिनियमावर तिचा कारभार आजही चालतो. जन्ममृत्यूच्या नोंदींसाठीही त्या अधिनियमात स्वतंत्र तरतुदी होत्या. शहराची वाटणी इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या विभागांत, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या वॉर्डांत झालेली असून संशोधकाला प्रथम आपल्या घराचा वॉर्ड निश्चित करावा लागतो. गिरगावचा बराचसा भाग डी विभागात मोडतो, पण ठाकुरद्वारच्या बाजूची काही वस्ती सी विभागात जाते; परळ आणि लालबाग एफ दक्षिण विभागात येतात; दादरचे रेल्वेच्या पश्चिमेकडील अंग जी उत्तर विभागात, तर पूर्वेकडील बहुतेक अंग एफ उत्तर विभागात आहे. एफ आणि जी या विभागांची उत्तर-दक्षिण अशी फोड नंतरची असल्याने जुन्या कागदांवर नुसते ‘एफ वॉर्ड’ एवढेच आढळते, आणि एका विभाग कार्यालयात न मिळालेली नोंद शेजारच्या कार्यालयात असण्याची शक्यता त्यामुळे कायम राहते. महापालिकेखेरीज जिल्हाधिकारी व नगर भूमापन कार्यालय, दुय्यम निबंधकांची कार्यालये, शिधावाटप कार्यालये आणि एकेकाळी स्वतंत्र असलेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट यांचेही कागद या शोधात उपयोगी पडतात. मुंबई बेटावर सातबारा नाही, तेथे मालमत्ता पत्रक असते, आणि त्याची मुळे १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटन यांनी केलेल्या मोजणीपर्यंत पोहोचतात. परंतु मालमत्ता पत्रक जमिनीच्या मालकाचे नाव सांगते, आणि या भागांतील बहुसंख्य कुटुंबे कधीच जमिनीची मालक नव्हती, म्हणून त्यावर येथे अधिक थांबण्याचे कारण नाही.

खरा आधार जन्ममृत्यूच्या नोंदवहीचा. ती वाचताना तीन गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे. पहिली अशी की नोंद घटनेच्या ठिकाणी होते, राहत्या ठिकाणी नव्हे. लालबागच्या चाळीत राहणाऱ्या बाईचे मूल परळच्या वाडिया प्रसूतिगृहात किंवा के.ई.एम. रुग्णालयात जन्मले असेल, आणि ही दोन्ही रुग्णालये १९२६ पासून तेथे आहेत, तर नोंद एफ विभागात सापडेल. तीच बाई नायर रुग्णालयात गेली असेल तर शोध भायखळ्याच्या ई विभागात करावा लागेल. आणि बाळंतपणासाठी ती कोकणात माहेरी गेली असेल तर मुंबईच्या कोणत्याही वहीत त्या मुलाचा जन्म आढळणार नाही, जरी त्याचा मृत्यू आढळला तरी. जन्म गावाला आणि मृत्यू मुंबईत ही गोष्ट इतकी सार्वत्रिक होती की तिने शहराची आकडेवारीही वाकवली: १९२१ मध्ये एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतील बालमृत्यूचे प्रमाण दर हजार जन्मांमागे आठशेच्या वर नोंदले गेले, ते मुख्यतः खोल्यांच्या आणि वस्तीच्या भयानक स्थितीमुळे, परंतु काही अंशी मुंबईत मेलेल्या अनेक बालकांचे जन्म मुंबईच्या वहीत नव्हतेच या कारणानेही. आपल्या आजीची किती मुले गेली हे शोधणाऱ्याने या आकड्यापुढे क्षणभर थांबावे. घरात ज्यांची नावेही कोणी उच्चारीत नाही अशी भावंडे मृत्यूच्या वहीत एकेका ओळीत उभी असतात.

दुसरी गोष्ट नावाची. जन्माची खबर बारशाआधीच दिली जात असल्याने नोंदीत बाळाचे नाव नसणे हे जुन्या वह्यांत नेहमीचे आहे; तेथे वडिलांचे नाव, पत्ता आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. नाव नंतर दाखल करण्याची सोय असली तरी ती सर्वांनी वापरली असे नाही. म्हणून बाळाच्या नावाने शोध घेणारा रिकाम्या हाताने परततो, तर वडिलांचे नाव, चाळीचे नाव आणि दोन-तीन वर्षांचा अंदाज घेऊन पाने उलटणाऱ्याला नोंद मिळते. तिसरी गोष्ट कायद्याची. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाच्या १७ व्या कलमान्वये कोणालाही शुल्क भरून नोंदवहीत शोध करवून घेता येतो आणि उतारा मागता येतो, परंतु मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. नोंद सापडत नसल्यास तसा अनुपलब्धतेचा दाखला मिळतो, आणि तोही जपून ठेवण्यासारखा कागद आहे, कारण पुढच्या शोधकाची तेवढी वणवण त्याने वाचते.

मृत्यूच्या कारणाविषयी येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. घरझडती, रुग्णाला सक्तीने इस्पितळात हलवणे, खोली रिकामी करून धुऊन काढणे या उपायांची जनतेला रोगाइतकीच धास्ती होती, आणि म्हणून प्लेगने झालेले मृत्यू लपवले गेले किंवा साध्या तापाच्या नावावर घातले गेले. त्या वर्षांतील एखाद्या पूर्वजाच्या नोंदीत ‘ताप’ असे आढळले तर तो शब्द वैद्यकीय निदान म्हणून घेण्याऐवजी भीतीच्या छायेत दिलेली खबर म्हणून वाचावा. हीच साथ कौटुंबिक इतिहासातील तुटलेल्या दुव्यांचेही कारण आहे: ज्या घरांची मुंबईतील नोंद १८९६ पर्यंत मिळते आणि मग काही वर्षे काहीच मिळत नाही, ती घरे बहुधा गावी गेलेली असतात, संपलेली नसतात.

नावांच्या लेखनाचा प्रश्न सर्वच दप्तरांत आडवा येतो. जुन्या मराठी कागदांत ‘सखाराम बिन गोविंद’ किंवा ‘भागीरथी कोम सखाराम’ अशी रचना दिसते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आडनावाची सक्ती तेव्हा नव्हती, आणि गावी एका आडनावाने ओळखले जाणारे घर मुंबईत गावाच्या नावावरून पडलेल्या ‘कर’ प्रत्ययाच्या आडनावाने नोंदले जाणे हे कोकणातील कुटुंबांत तर सर्रास घडले. एका भावाने एक आणि दुसऱ्या भावाने दुसरे आडनाव लावल्यामुळे दोन पिढ्यांनंतर नाते विसरले गेल्याचीही उदाहरणे आहेत. त्यात इंग्रजीत ठेवलेल्या वह्यांनी भर घातली. रोमन लिपीत ण आणि न, ळ आणि ल, ट आणि त यांतील भेद पुसला जातो, आणि पुढे त्याच नोंदीवरून मराठी दाखला तयार करताना ‘पडवळ’चे ‘पडवल’ आणि ‘काळे’चे ‘काले’ होते. अशा फरकाने नोंद आपली नाही असे ठरवू नये. पत्ता, वडिलांचे नाव आणि काळ जुळत असल्यास अक्षराच्या चुकीला नात्यापेक्षा मोठे मानण्याचे कारण नाही. वयाच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे, कारण शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख असंख्य मुलांना केवळ सोयीसाठी मिळाली आहे.

चाळीचे कागद हा या शोधातील सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत कमी वापरलेला ठेवा होय. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले, दादर-माटुंगा येथे नव्या वसाहती आखल्या आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या, त्या बी.आय.टी. चाळी या नावाने ओळखल्या जातात. १९३३ मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाल्याने या चाळींतील भाडेकरूंच्या नावांचे, खोली वारसाच्या नावे करण्याच्या अर्जांचे आणि त्यासोबत दिलेल्या कुटुंबाच्या तपशिलांचे कागद महापालिकेच्या मालमत्ता खात्याशी निगडित आहेत. परळच्या अशाच चाळ क्रमांक एकमधील ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वास्तव्य १९१२ ते १९३४ या काळात होते आणि तेथून ते दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृहात गेले. एका खोलीच्या क्रमांकाला इतिहासात किती वजन असू शकते याचा याहून मोठा दाखला देता येणार नाही. बी.डी.डी. चाळी मात्र वेगळ्या. त्या १९२० च्या दशकात तत्कालीन मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, आणि शिवडी येथे बांधल्या व त्यांचा कारभार पुढे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिला. म्हणून नायगावच्या बी.डी.डी. चाळीतील आजोबांचे कागद महापालिकेत शोधणे व्यर्थ आहे.

खाजगी मालकांच्या चाळींबाबत दोन साधने विशेष महत्त्वाची ठरतात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, पागडीची पद्धत रूढ झाली आणि भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेहक्क मिळू लागला. तेव्हापासून ‘कोण कोणाबरोबर राहत होते’ हा प्रश्न कायद्याचा प्रश्न झाला. लघुवाद न्यायालयात चाललेल्या अशा दाव्यांत विधवा सुना, गावाहून शिकायला येऊन राहिलेले पुतणे, माहेरी परतलेल्या लेकी यांची जी माहिती शपथेवर सांगितली गेली, ती एरवी कोणी लिहून ठेवलीच नसती. दुसरे साधन महापालिकेच्या करनिर्धारण व संकलन खात्याचे. इमारतीची करपात्र किंमत ठरवताना प्रत्येक खोलीचा भोगवटादार आणि भाडे यांची जी पाहणी होते तिच्या उताऱ्याला व्यवहारात ‘इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट’ असेच म्हणतात, आणि त्यात चाळीतील सर्व बिऱ्हाडांची नावे खोलीवार मिळतात. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती मंडळाच्या उपकराच्या कक्षेतील, जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात पात्र रहिवासी ठरवताना हा उतारा लागतो, त्यामुळे अनेक घरांत त्याची प्रत पडून असते. परंतु एका पानावर शेजारपाजार, गाववाले आणि सोयरे एकत्र दाखवणारे चित्र म्हणून तो वाचला गेलेला नाही. एकाच मजल्यावर एकाच तालुक्यातील पाच आडनावे आढळली तर पहिला माणूस कोणाच्या आधाराने मुंबईत आला हे कळण्याचा मार्ग तेथून निघतो.

पत्ता हाच ज्या शोधाचा पाया आहे त्यात रस्त्यांची बदललेली नावे मोठा घोटाळा करतात. गिरगाव रोड जगन्नाथ शंकरशेठ मार्ग झाला, लॅमिंग्टन रोड डॉ. भडकमकर मार्ग, आर्थर रोड साने गुरुजी मार्ग, कॅडल रोड स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग झाला. गिरगावात तर पुष्कळदा रस्त्याचे नावच नसते; मुगभाट, फणसवाडी, झावबावाडी, कांदेवाडी, खोताची वाडी हाच पत्ता. वाडीचे नाव जुन्या नोंदीत टिकलेले असते आणि बहुधा बदललेले नसते, हा शोधकाच्या दृष्टीने दिलासा होय.

महापालिकेच्या शाळांची जनरल रजिस्टरे हे आणखी एक विश्वसनीय साधन. त्यांत विद्यार्थ्याचे नाव, जन्मस्थान, जात, पूर्वीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण असते, आणि त्यातील जन्मस्थानाचा रकाना मुंबईकर कुटुंबाला त्याच्या गावाकडे घेऊन जातो. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाल्यानंतरच्या शिधापत्रिका एका चुलीवर जेवणाऱ्या सर्वांची नावे व वये देतात. मतदारयाद्यांपैकी महापालिकेच्या याद्या १९४८ पूर्वी मर्यादित मताधिकाराच्या असल्यामुळे त्यांत गरीब भाडेकरू शोधू नये. त्या वर्षापासून प्रौढ मताधिकार आला आणि चाळींतील स्त्रियांची नावेही याद्यांत आली. गिरण्यांचे कागद स्थानिक शासनाचे नव्हेत, तरी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करताना हजेरीकार्ड, पगारपत्रक, विमा योजनेचे कार्ड अशी कागदपत्रे घरोघरी शोधली गेली. ज्या घरांनी ती फेकली नव्हती त्यांच्याजवळ एका माणसाच्या तीस-तीस वर्षांच्या श्रमाची नोंद आज आहे. जनगणनेकडून मात्र अपेक्षा ठेवू नये. १८६४ च्या पहिल्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली हे सांगता येते, पण त्यांत आपला पणजा होता का हे सांगता येत नाही. इंग्लंडात शंभर वर्षांनी घरोघरच्या याद्या खुल्या होतात तशी पद्धत भारतात नाही, आणि १९४८ च्या जनगणना अधिनियमाने व्यक्तिगत नोंदी पाहण्यास मनाई केली आहे.

मुंबईची नोंद गावापर्यंत पोहोचली की दुसरे दप्तर उघडते. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, हे शेतकरी घराच्या वंशावळीचे प्रमुख साधन आहे, कारण खातेदार मरण पावला की त्याच्या सर्व वारसांची नावे नात्यासह तेथे लिहिली जातात. येथे एक विलक्षण गोष्ट दिसते: लेकीबाळी, ज्या वंशावळीत कधीच नव्हत्या, त्या फेरफारात येतात त्या बहुधा आपला हिस्सा भावांना सोडून देताना. हक्कसोडपत्र हा स्त्रीला वगळणारा कागद असला तरी तिचे नाव, तिच्या नवऱ्याचे नाव आणि तिचे सासर एवढे त्यात टिकून राहते, आणि मातुल घराण्याचा शोध पुष्कळदा याच एका कागदावर अवलंबून असतो. गाव नमुना चौदा, म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंदवही, लोक कोतवाल बुक म्हणून ओळखतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदी शोधण्याचे काम हाती घेतल्यानंतर ही कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे आणि महसुली कागद राज्यभर तपासले गेले, लक्षावधी नोंदी उजेडात आल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काहीही असो, महाराष्ट्राच्या खेड्यांतील सामान्य माणसाची नोंद इतक्या मोठ्या प्रमाणावर पूर्वी कधी वाचली गेली नव्हती, हे मान्य करावे लागते.

त्याच घटनेने एक धोकाही दाखवला. जातीचा दावा सिद्ध करण्यासाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि त्यामुळे बहुसंख्य लोक दप्तराकडे जातात ते एका रकान्यासाठी जातात. हवा तो शब्द मिळाला की वही मिटते. जातीचा रकाना कारकुनाने विचारून भरला, ऐकून भरला की आडनावावरून भरला हे त्या ओळीवरून कळत नाही. एकाच घरातील दोन भावांच्या नोंदींत दोन वेगळे शब्द असणे शक्य आहे, आणि प्रामाणिक संशोधकाने दोन्ही उतरवून घ्यावेत. तसेच दुसरे लग्न, दत्तक घेतलेले मूल, नोंद न झालेले बाप अशा गोष्टीही या कागदांत निघतात. त्या निघाल्यावर जिवंत माणसांच्या मानाचा विचार करणे आणि मृत माणसांबद्दल खोटे न लिहिणे या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच वेळी पाळाव्या लागतात. त्यांत सोपा मार्ग नाही.

या शोधाला वेळेची मर्यादा आहे. गिरगावातील वाड्या आणि लालबाग-परळमधील चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत, वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, आणि प्रत्येक स्थलांतरात पात्रतेला न लागणारे कागद सर्वांत आधी रद्दीत जातात. म्हणून ज्यांची खोली अजून उभी आहे त्यांना एवढीच विनंती आहे की, सामान बांधण्यापूर्वी ट्रंकेतील भाडेपावत्या, जुनी शिधापत्रिका, शाळेचे दाखले आणि गिरणीची कार्डे बाजूला काढावीत, एका कागदावर खोलीचा क्रमांक, चाळीचे व मालकाचे जुने नाव, वॉर्ड आणि गावचा तालुका लिहावा, आणि घरातील सर्वांत वयस्क बाईला तिच्या आईचे माहेरचे नाव विचारून ते त्याच कागदावर आजच उतरवून घ्यावे.